बिनदोऱ्याची शिलाई

मशीन थांबवायचं नाही. बाहेरून दार वाजेपर्यंत, काहीही झालं तरी, थांबवायचं नाही – आणि का म्हणून विचारायचं नाही. एवढा एकच नियम आहे बघा आमच्या घरात, डॉक्टरबाई, बाकी सगळं चालतं. अहो, तिथं नका बसू, टाचण्या आहेत तिथं! इकडे या, ह्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर बसा. चुरगळू देत, इस्त्री व्हायचीच आहे त्यांना. बॅग खाली ठेवा ना, हातात कशाला धरून बसलाय? चहा घ्या. हा अजून पितोय. बाळ पोटभर प्यायलेलं असलं की बरं, असं तुम्हीच म्हणालात ना बाहेर सासूबाईंना? मग झालं तर. पिऊ दे. सावकाश पिऊ दे.

कसलं मशीन म्हणजे? तुम्हाला सांगितलंच नाही कुणी? बरोबर आहे, तुम्ही पहिल्यांदाच येताय – आधी म्हातारे डॉक्टर यायचे, त्यांना सवय झाली होती. सांगते. आमचं घर शिवणकामाचं. बाहेरच्या खोलीत मशिनं बघितलीत ना येताना? आणि हे माझं. घरात मुलाची सुंता असली की त्या दिवशी आईनं ह्या खोलीत बसायचं, बाहेरून कडी लागते, आणि मशीन चालवायचं. बाहेर बाकीच्यांनीही आपापलं चालवायचं, सगळ्यांनी एकदम. दोरा ओवायचा नाही. नुसती सुई, खाली पांढऱ्या कापडाची पट्टी, आणि पाय मारत राहायचं. मशिनं सुरू झाली की दार उघडतं, बाळाला घेऊन जातात, दार लागतं. शेजारच्या खोलीत तुम्ही तुमचं काम करणार, मास्तर बाळाचे पाय धरणार – मास्तर म्हणजे माझे सासरे, घरातही सगळे त्यांना मास्तरच म्हणतात – आणि मी इथं हवेला टाके घालणार. का? आईला रडणं ऐकू येऊ नये म्हणून! किती माया आहे बघा आमच्या घरात. रडणं थांबवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, ऐकू येणं तेवढं थांबवलं.

नाही, तुमच्यावर नाही चिडत मी. तुम्ही म्हणाल, किरकोळ काम आहे, भूल देते, चार दिवसांत बरं होतं. देता ना भूल? बरं. आणि फायदे सांगाल. वाचलेत मी, तोटेही वाचलेत, दोन्हीकडची माणसं तितक्याच छातीठोकपणे लिहितात. मला त्यातलं काही नकोय. मला एवढंच म्हणायचंय की त्याचं अंग आहे, मोठा होऊ दे, त्याला वाटलं तर तो करून घेईल, मी स्वतः घेऊन जाईन त्याला, डबा देईन सोबत. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आली मोठी शहाणी! आमची मुलं काय वाया गेली का?" मास्तर तर माझ्याशी बोलतच नाहीत, ते भिंतीशी बोलतात – "कॉलेजात पाठवतात आणि मग घरच्यांना शिकवायला आणतात." भिंत काही उत्तर देत नाही, म्हणून त्यांना ती सून म्हणून जास्त आवडली असती. माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, जुळवून घे गं, एवढ्याशासाठी संसारात खडा नको. एवढ्याशासाठी! हा एवढासा आहे खरा, बघा ना, मूठ बघा त्याची, माझी अंगठी पण मावत नाही तिच्यात.

काय विचारलंत? परत विचारा.

माझी संमती आहे का.

हे… हे तुम्ही सगळ्यांना विचारता का? नाही, म्हणजे, विचारायलाच हवं, हो, पण मला कुणी विचारलं नव्हतं ना, म्हणून जरा – थांबा, तो पितोय ना अजून, त्याचं होऊ दे मग सांगते. तुम्ही हसू नका. एरवी ह्या तोंडाला कुलूप नाही असं म्हणतात बाहेर. पण नाही म्हणून मी जाणार कुठे? ह्या खोलीला दार एकच, ते बाहेरच्या, मशिनांच्या खोलीत उघडतं. दाराजवळचं मशीन सासूबाईंचं, त्याच्या पलीकडे जावेचं, आणि अगदी रस्त्याच्या दाराशी ह्याच्या बाबांचं. हो, माझा नवरा. तोही बसलाय पायडलवर पाय ठेवून. मला दिवस गेले तेव्हा म्हणाला होता, मुलगा झाला तर आपण दोघं मिळून ठरवू. आणि आज सकाळी काय केलं त्यानं? माझ्या मशीनला तेल घातलं. कुपी घेतली, प्रत्येक भोकात थेंब थेंब सोडला, चाक फिरवून बघितलं, पुसलं, गेला. मी म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तर म्हणाला, "अडकायला नको मध्येच."

भित्रा नाही हो तो. तुम्हाला वाटेल, बायकोच्या बाजूनं उभा राहत नाही. तसं नाहीये. त्याचं वेगळंच आहे. सांगू का? नको सांगायला खरं तर. त्याची उशिरा झाली. आधी आजारपण, मग घर बदललं, राहून गेलं, तोवर तो शाळेत जायला लागला होता. म्हणजे लख्ख आठवतंय त्याला. घरात आम्ही बायका मशिनांच्या ह्या बाजूला असतो, त्यानं ती दुसऱ्या बाजूनं ऐकली आहेत. एकदाच बोलला माझ्याशी, काजं करता करता, मान वर न करता. म्हणाला, मी आई-आई म्हणून ओरडत होतो, वाटलं आता थांबेल मशीन. थांबलं नाही. उलट जोरात चालायला लागलं. मी म्हटलं, अहो, मग तुम्ही आईंना कधी विचारलं नाहीत? तर म्हणाला, काय विचारायचं, तिला ऐकूच गेलं नसणार, त्यासाठीच तर चालवतात. आणि दातानं दोरा तोडला. त्याच्यावर तो जगतोय, डॉक्टरबाई. तिला ऐकू गेलं नव्हतं, ह्याच्यावर. आता आज मशीन थांबू शकतं असं त्याला कळलं, तर त्या दिवशीही थांबू शकलं असतं – मग तो आईकडे कसा बघेल?

ऐका. सुरू झालं. हे सासूबाईंचं, करकरतंय ते. आता जावेचं. आणि हे… हे त्याचं. एकसारखा पाय पडतो त्याचा, किती ऐकलाय मी. आता माझं सुरू व्हायला हवं, मग येतील घ्यायला. तुम्ही उठू नका! बसा. मला तुम्हाला एक दाखवायचंय. काय? ऐकू येत नाही? ओरडूनच बोलावं लागेल, जवळ सरका जरा – हे बघा, ही पट्टी. आजच्यासाठी पांढरं कापड काढायला पेटी उघडली तर तळाशी सापडली, पिवळी पडलेली. जाऊ म्हणाली, ठेव ठेव, ती तुझ्या नवऱ्याच्या दिवसाची आहे, सासूबाईंनी टाकली नाही कधी. बघा भोकं. दोरा नाही, नुसती भोकं, किती सरळ रेघ आहे बघा – हात काय तयार आहे त्यांचा! इथपर्यंत सरळ. आणि इथं? इथं बोट घाला. जाईल, घाला. कापड सरकलंच नाही पुढे. सुई एकाच जागी पडत राहिली, पडत राहिली, चाळण झाली, मग भोक पडलं. शिवणाऱ्या बाईचे हात कधी थांबतात असे? पाय मारत होत्या, जोरजोरात मारत होत्या, आणि हात तसेच राहिले – कारण ऐकू येत होतं त्यांना! सगळं ऐकू येत होतं! तो आई म्हणून ओरडत होता ते त्यांनी ऐकलं, अगदी शेवटपर्यंत ऐकलं, आणि तरी पाय –

मशिनं कधी थांबली?

डॉक्टरबाई, मशिनं कधी थांबली? मी कुठपर्यंत ओरडत होते?

सगळी थांबलीत. करकर नाही. त्याचंही नाही. असं कधी होत नाही ह्या घरात. श्श. नाही, ह्याला नाही म्हणत, हा झोपलाय बघा, ओठाला दूध तसंच.

कोण आहे दारात? सासूबाई? आत या ना, कडी तुमच्याच बाजूला आहे. आलात? मग बोला. ही पट्टी तुमची, घ्या. माझी चूक झाली, मला असं ओरडून सांगायचं नव्हतं, तुमच्या मुलाला असं कळायला नको होतं. रागवा माझ्यावर. हात पुढे केलात ते पट्टीसाठी ना? की बाळासाठी? पट्टीसाठी असेल तर घ्या. हा मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही, तो स्वतः मागेपर्यंत नाही. आणि माझ्या पायानं हे मशीन बिनदोऱ्याचं चालणार नाही. मास्तर, तुम्हीही ऐका, भिंतीला सांगत नाहीये मी.

अहो, आईंना धरा. मागे उभे आहात ना तुम्ही? मग धरा त्यांना, मी सांगायला हवं का?

कुणीतरी बोला की! एरवी शहाणी म्हणता, आगाऊ म्हणता – आता काय झालं? मास्तर?

बरं.

तुमचा चहा निवला, डॉक्टरबाई. मघाशी तुम्ही मला काहीतरी विचारलं होतंत. नाही. माझी संमती नाही. बॅग उचला, आणि जाताना जरा हळू जा – हा आत्ताच झोपलाय, आणि बाहेर एवढं शांत आहे.