रुबीनाच्या लग्नातलं शटडाउन

…अन् काहून हसून राहिले भाऊ? गाडी तुमची चुकली, माझी न्हाई. मी मुद्दाम सोडली. सकाळपासून वसमतच्या तीन गाड्या सोडल्या मी. पहिलीत आग विझवायचं ते लाल नळकांडं असतं ना, त्याची नुसती कडी होती, नळकांडं गायब. दुसरीच्या खालून डिझेल गळून राहिलं होतं — थेंब थेंबच, पण गळतंच ना? अन् आत्ता गेली ती — दार लागायच्या आधीच कंडक्टरनं घंटी दिली! आमच्या प्लांटवर असं कोणी केलं असतं तं संध्याकाळच्या विमानानं घरी पाठवलं असतं त्याला. बसा. पिशवी तिकडं नका ठेवू, ती पळायची वाट हाय. हां, इकडं. बसा बराबर.

मी युसूफ. गाव आपलं इथून दोन कोसावर. बावीस साल आखातात होतो, तेलाच्या प्लांटवर, सेपरेटर चालवायचो. सेपरेटर म्हणजे काय, माहीत न्हाई? आता बघा — जमिनीतून वर येतं ते काय नुसतं तेल असतं? न्हाई. तेल, पाणी, गॅस, सगळं एकमेकात घुसळलेलं येतं. ते एका आडव्या टाकीत घ्यायचं, ही इथून त्या पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत लांब टाकी, अन् त्याला जरा निवांत होऊ द्यायचं. गॅस वर जातो, पाणी तळाला बसतं, तेल मधी ऱ्हातं. झालं. कोणी बी म्हणल, ह्यात काय अवघड? अवघड चालवणं न्हाईच भाऊ — अवघड चालू करणं अन् बंद करणं. चालू करताना आधी आतली हवा हाकलायची, मंग येणारी लाईन जराशी उघडायची, दाबाच्या काट्याकडं बघायचं, परत जराशी. घाई केली की गेलात. अन् बंद करताना आधी येणारं बंद, मंग आतला दाब हळूहळू सोडायचा, मंग टाकी रिकामी करायची, मंग कुलूप — माझं कुलूप, चावी माझ्या खिशात — अन् एवढं झाल्यावर बी काट्यावर इश्वास ठेवायचा न्हाई. बारका नळ किंचित उघडून कान लावायचा. आत कोणी बोलून राहिलं का ते ऐकायचं.

काहून इश्वास न्हाई? आमच्यासंगं योगेश होता, आपल्या कळमनुरीकडलाच. काटा शून्यावर होता. मी म्हणलो, झाकण उघड. त्या काट्याच्या नळीत चिखल बसलेला भाऊ, टाकीत दाब तसाच भरलेला. तिसरा बोल्ट ढिला झाला अन् — जाऊ द्या. वाचला तो. उजव्या कानानं ऐकू येत न्हाई फक्त. दर जुम्म्याला फोन करतो मी त्याला, मोठ्यानं बोलतो. तो म्हणतो, अरे युसूफ, डावा कान चांगला हाय माझा, वरडू नको. पण मला वरडल्याबिगर जमत न्हाई.

तं परतून आलो तव्हापासून घर बराबर लावलं मी. दारात पाटी लावली, आत किती माणसं, बाहेर किती. गच्चीवर काठीला कनीजचा दुपट्टा बांधला, वारा कुठून येतो ते दिसायला. कनीज म्हणजे घरवाली. कुकर लावायचा तं मला सांगून लावायचा, शिट्टीची तपासणी मी करणार, मंग ती सही करणार. सहा महिने केली बिचारीनं सही. एक दिवस सहीच्या जागी अंगठा दिला. बारावी शिकलेली बाई हाय ती! मी म्हणलो, चालल, अंगठा बी चालतो.

अन् मंग रुबीनाचं लग्न आलं. पोरगी माझी. निकाह झाला, पंगत बसायची वेळ, अन् मी मागं गेलो तं काय बघतो — तीन देगा! एवढाली मोठी भांडी! झाकण कणकेनं चारी अंगानं चिकटवलेलं, वर निखारे, खाली निखारे, अन् आतून सूंऽऽ आवाज येऊन राहिला! मी बावर्च्याला म्हणलो, वस्ताद, ह्याला दाब सोडायचा वॉल्व कुठं हाय? तो म्हणला, चाचा, ही बिर्याणी हाय, दम देऊन राहिलो. आता तुमी सांगा, बंद भांडं, खाली आग, आत वाफ, वॉल्व न्हाई — मी काय करायला पायजे होतं? मी केलं शटडाउन. शिट्टी खिशातच असती माझ्या. फुंकली. दुपट्टा बघितला, वारा पूर्वेकडून होता, म्हणून सगळ्यांना घेतलं पूर्वेच्या हळदीच्या रानात. नवरदेव सेहऱ्यासकट, काझीसाहेब, बायका, लेकरं, बँडवाले. रानाला त्या दिवशी पाणी सोडलेलं. हां, घोट्याएवढा चिखल होता, पण जीव मोठा का जोडे? मंग मी एकटा परत आलो, आधी खालचे निखारे ओढले — म्हणजे येणारं बंद — अन् स्क्रूड्रायव्हरनं कणकेला एक एक भोक पाडत गेलो. हळूहळू. पंधरा मिनटं लागली. काय नमुनेदार दाब उतरवला भाऊ! तांदूळ कच्चा ऱ्हायला, ते येगळं. पावण्यांनी बुंदी खाल्ली. वस्ताद झारा फेकून निघून गेला, अजून कोणाशी बोलत न्हाई म्हणे.

अन् तव्हाच कनीज बी गेली. भावाकडं, वसमतकडल्या हट्टा गावाला. उजैर नाव भावाचं. बारा दिवस झाले. बिर्याणीवरून रुसली, दुसरं काय. तिलाच आणायला निघालो. पयल्या दिवशी फोन केला तं उजैर म्हणला, आपा रडत न्हाई, भांडत न्हाई, चूप बसली. म्हणजे काटा शून्यावर. आता हे शून्य खरं का नळीत चिखल बसला, मला काय कळावं? सामनी जाऊन एकदम उघडायचं म्हणलं तं भ्या वाटतं भाऊ. खरं सांगतो, टाकीचं कधी वाटलं न्हाई एवढं भ्या वाटतं.

काय? रानात माणसं मोजली का? मोजली की! मोजल्याबिगर कसं? रानात उभं करून एकेकाचं नाव घेतलं मी. ही बघा यादी, खिशातच हाय. दावतनाम्यावरून केली, म्हणजे कोणाकोणाला बोलावलं त्या कागदावरून, वर मी, नवरा-नवरी, बावर्ची, बँडवाले, पाणीवाला सगळे धरून. चारशे अकरा नावं, चारशे अकरा माणसं. मी मोठ्यानं सांगितलं, सगळे सलामत, आत कोणी न्हाई. बराबर हिशोब — मंग अर्ध्या घंट्यानं रुबीना म्हणली, अब्बा, अम्मी कुठं हाय?

…कोठीत होती. देगेच्या मागं भिंत, भिंतीमागं कोठी. पोरीची पेटी भरत होती.

आता दावतनाम्यात घरच्या बाईचं नाव कसं ऱ्हाईल? तिला काय आपण दावत देतो? तिथंच चूक झाली, यादी चुकीच्या कागदावरून — तिला समदं ऐकू येत होतं म्हणे. खिडकी होती ना रानाकडं. म्हणली, मी ऐकत होते तुमी मोजताना, थांबले, म्हणलं आता येईल नाव. एवढंच बोलली. पेटीला कुलूप लावून चावी रुबीनाला दिली अन् उजैरच्या जीपमधी बसली.

बिर्याणीवरून न्हाई रुसली ती. व्हय, बराबर बोलले तुमी.

तुमचा फोन देता का? माझा नंबर दिसला की कट करती. द्या. तीच उचलती का बघू. — हां, कनीज — मी… हां. हां. व्हय. (बोलून राहिली भाऊ! बापरे, काय बोलून राहिली!) हां, ऐकतो. दुपट्टा काढला मी गच्चीवरचा. धुतला. व्हय, बावीस साल. व्हय, दर दोन सालानं एकच महिना घरी. बोल, समदं बोल, मी कुठं न्हाई जात… (श्श, फोनच्या पैशाचं नका बघू भाऊ, टाकी पुरी रिकामी होऊ द्या.) किती होते लग्नात? चारशे बारा, कनीज. चारशे अकरा म्हणलो होतो, ते चुकलो मी. चारशे बारा. माझी चूक झाली.

चूप झाली. आता काय करू? उघडू का थांबू? — हां? यादी? हाय, खिशातच हाय, बारा दिवसांपासून खिशातच — म्हणती, घेऊन या, माझं नाव मी माझ्या हातानं लिहिते.

धरा तुमचा फोन. मेहेरबानी. अन् ती बघा, वसमतची आली! उठा, उठा, सरका — आधी मला चढू द्या. काय? नळकांडं? न्हाई का हिच्यात बी? नसू द्या हो! दार बी नसू द्या. घंटी मारा कंडक्टरसाहेब, मारा!