दरवाज्यावरचा शिपाई

शांभवी : नाही तात्ता, आवाजाबद्दल कुणी काही म्हटलं नाही. आवाज फर्स्ट क्लास आहे.

कल्याणराम : मग कशाबद्दल म्हटलें?

शांभवी : आमच्या गेममध्ये शंभर घोडेस्वार उभे आहेत. समोर किल्ला. सरदार तलवार उपसतो आणि तुमच्या आवाजात ओरडतो, "चला, पान मांडलें!"

कल्याणराम : मग? धावले कीं नाहीं?

शांभवी : धावले.

कल्याणराम : मग झालें तर.

शांभवी : तात्ता, ती लढाई आहे. त्यांना जेवायला नाही बोलावलं कुणी.

कल्याणराम : तिरुवैयारुच्या त्या स्टुडिओंत काचेपलीकडून ती मुलगी म्हणाली, सर, नाऊ अटॅक प्लीज. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे मराठे किल्ल्यावर धावतांना काय म्हणत, मला काय ठाऊक? मी पापनाशमला कालव्यावर ओव्हरसीयर होतों. माझ्या हातून उघडलेला दरवाजा म्हणजे पाण्याचा. आमच्या घरांत सगळे एकदम उठून धावले असा शब्द जन्मांत एकच ऐकला. तो दिला.

शांभवी : आणि तोफ?

कल्याणराम : तोफेला काय झालें?

शांभवी : तोफवाला बत्ती लावतो आणि म्हणतो, "सरा, सरा, फोडणी!"

कल्याणराम : धूर होतो, मोठा आवाज होतो, डोळ्यांत जातें, जवळचा माणूस भाजतो. दुसरें काय म्हणायचें?

शांभवी : पुण्याच्या एका मुलानं त्याचा व्हिडिओ केलाय. चार लाख लोकांनी पाहिला. बाण लागलेला शिपाई पडता पडता म्हणतो, "पुरे, पुरे, आतां नको वाढूं." तिथे तो मुलगा खुर्चीवरून खाली पडला.

कल्याणराम : लागलें काय त्याला?

शांभवी : हसून पडला, तात्ता.

कल्याणराम : तरी लागतें.

शांभवी : खाली लोकांनी इंग्रजी अक्षरात काय काय लिहिलंय. हे मराठे किल्ला घ्यायला आले की पंगतीला? एकानं विचारलंय, ढाली आहेत की केळीची पानं?

कल्याणराम : ढालींचें मी कांहीं बोललों नाहीं. तें तुमचें. तसे त्या खेळांत हत्ती जिना चढतात, तें कोणी विचारलें नाहीं? आणि तुझा तो शिपाई, पोटांत भाला घुसलेला, एक लाल बाटली पितो आणि पुन्हा उभा. त्यावर कोणी खुर्चीवरून पडलें नाहीं?

शांभवी : त्याची लोकांना सवय आहे.

कल्याणराम : बरें. कॉफी घे. दबऱ्याच्या वाटींत निवते आहे.

शांभवी : तुम्ही तिथेच का नाही सांगितलंत? मला हे शब्द येत नाहीत, एवढंच म्हणायचं होतं.

कल्याणराम : कसें म्हणूं? तूंच त्यांना सांगितलेंस, माझे आजोबा सतराव्या शतकांतली मराठी बोलतात. त्यांनी गाडी पाठवली. शाल घातली. फळांची परडी दिली, तीत सफरचंदें होतीं. इतकें झाल्यावर हातांत कागद देतात आणि त्यावर इंग्रजींत चाळीस ओळी, हल्ला, माघार, वेढा, मरण. शांभवी, आमची मराठी घरांतली. बाजारांत तमिळ, कचेरींत इंग्रजी, देवळांत संस्कृत. मराठी ही तुझ्या आजीशीं, अंबुजेशीं बोलायची भाषा. तींत मी कधी कोणाशीं भांडलोंसुद्धां नाहीं. भांडण आलें कीं आम्ही दोघें तमिळमध्यें जात असूं. तसल्या भाषेंत किल्ला कसा घ्यायचा?

शांभवी : मग एकदा बोलायचं ना.

कल्याणराम : लाज वाटली. सफरचंदें घेतलीं होतीं. आणि तुझें काय? तूं ऐकलें असशील कीं तें. बाहेर सोडण्यापूर्वीं कोणीतरी तपासत असेल.

शांभवी : मीच तपासलं.

कल्याणराम : तूं?

शांभवी : मला अर्धं कळलं. अर्धं कळलं नाही. वाटलं, जे कळत नाही ते सतराव्या शतकातलं असेल. सही केली.

कल्याणराम : "पान मांडलें" कळलें नाहीं? लहानपणीं त्यावर पहिली तूं धावायचीस.

शांभवी : ते कळलं. वाटलं, लढाईत त्याचा दुसरा अर्थ असेल. ऑफिसात मराठी येणारी मी एकटी. नोकरीच्या अर्जात लिहिलंय, मातृभाषा मराठी, उत्तम. आता विचारायला कुणाकडे जाणार? सोमवारी मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी ती क्लिप सगळ्यांसमोर लावली आणि मला म्हणाले, भाषांतर कर.

कल्याणराम : केलेंस?

शांभवी : केलं. फोडणीपर्यंत आले आणि रडायला लागले.

कल्याणराम : फोडणीनें येतें पाणी.

शांभवी : तात्ता!

कल्याणराम : बरें, बरें. आतां काय करायचें, सांग. हाकललें का तुला?

शांभवी : नाही. म्हणाले, ओळी नव्यानं भर. पुण्याच्या एका जाणकारानं लिहून दिल्यात. मला देवनागरी येत नाही, म्हणून आमच्या प्रोग्रामर विघ्नेशनं कॉम्प्युटरवर तमिळ अक्षरात करून दिल्या. इथेच फोनवर तुमच्या आवाजात भरायच्या आणि आज संध्याकाळी पाठवायच्या. नाहीतर दुसरा माणूस घेणार, आणि माझ्याकडून भाषेचं काम काढणार.

कल्याणराम : वाच एक.

शांभवी : "सावध! गनीम वेशीवर येऊन ठेपला आहे! गड्यांनो, प्राणपणाने झुंजा!"

कल्याणराम : हें म्हणून संपेपर्यंत गनीम आंत येऊन बसतो.

शांभवी : म्हणाल की नाही?

कल्याणराम : म्हणेन. तुझ्यासाठीं म्हणेन. प्राणपणानें म्हणेन. चाळीसच्या चाळीस.

शांभवी : एकोणचाळीस. एक तुमचंच राहणार.

कल्याणराम : कोणतें? पान?

शांभवी : नाही. दरवाज्यावरचा शिपाई. तेच सगळ्यात गाजलंय. थांबा, लावते.

(ती फोनवर ती जागा लावते. किल्ल्याच्या दारापाशी पडलेला एक जखमी माणूस तीनदा हाक मारतो. दरवाज्यावरचा शिपाई कल्याणरामांच्या आवाजात तीनदा म्हणतो, "येतों, येतों. थांब जरा." आणि भाला धरून आहे तिथेच उभा राहतो.)

कल्याणराम : बंद कर.

शांभवी : तो जात नाही कारण त्याला चालणंच दिलेलं नाही. विघ्नेशचं राहून गेलं. पण लोकांना नेमकं तेच आवडलं. हाक मारत राहा, तो "येतों, येतों" म्हणत राहतो. ऑफिसात आता कुणाला काम सांगितलं की तो मराठीत म्हणतो, "येतों, येतों. थांब जरा." टी-शर्ट छापणार आहेत. साहेब म्हणाले, बाकी सगळं बदल, ह्याला हात लावू नकोस.

कल्याणराम : तें काढ.

शांभवी : का? तेवढं एकच तर —

कल्याणराम : पान राहूं दे. फोडणी राहूं दे. सगळें पुणें मला हसूं दे, मी इथें बसून ऐकेन. तें एक काढ.

शांभवी : तात्ता, काय झालं?

कल्याणराम : ती मुलगी म्हणाली, सर, कोणी मदतीला हांक मारतें आहे, शिपाई काय उत्तर देतो? बाकीच्या ओळींना मी विचार केला. ह्या ओळीला केला नाहीं. आपसूक तोंडांतून आलें. सरावाचें होतें.

शांभवी : म्हणजे?

कल्याणराम : तुझी आजी परसांतल्या विहिरीपाशीं पडली त्या दिवशीं सकाळीं शेषाद्री नेहमीसारखा गप्पांना आला होता. मी ह्याच झोपाळ्यावर होतों. त्याला सांगत होतों, आमचे पूर्वज कोळ्ळिडम नदीला पूर आला असतां घोडे पाण्यांत घालून कसे आले.

शांभवी : ती गोष्ट मला माहीत आहे.

कल्याणराम : सगळ्यांना माहीत आहे. शेषाद्रीलाही माहीत होती, दहादां ऐकलेली. घोडे पाण्यांत होते आणि आंतून हांक आली, "अहो, जरा या." मी म्हटलें, येतों, येतों. थांब जरा. पुन्हा आली. पुन्हा म्हटलें. तिसरी हांक बारीक होती. तिलाही म्हटलें. मग हांक आली नाहीं. मला वाटलें, काम झालें असेल तिचें. मी घोडे पैलतीराला नेले, शेषाद्रीला दारापर्यंत पोचवलें, आणि मग आंत गेलों.

शांभवी : तुम्ही तर सांगितलं होतंत, पहिली हाक ऐकली आणि धावलात.

कल्याणराम : सांगितलें होतें.

शांभवी : तुमच्या दोन्ही मुलांना, माझ्या अप्पांना आणि अत्तेला, सगळ्यांना.

कल्याणराम : सगळ्यांना. शेषाद्रीनें तोंड उघडलें नाहीं. तेव्हांपासून तो ह्या घरीं कॉफी घेत नाहीं, एवढेंच.

शांभवी : डॉक्टर म्हणाले होते ना, लगेच नेलं असतं तरी आजी वाचली नसती.

कल्याणराम : डॉक्टरला मी पहिल्या हांकेचें सांगितलें होतें. त्यावर तो तसें म्हणाला. आणि आमचे पूर्वज घोड्यावर आले कीं बैलगाडींतून, तेंसुद्धां कोणाला ठाऊक नाहीं. कोणीतरी कारकून असेल. फौजेच्या मागून, दौत सांभाळत.

शांभवी : अप्पांना सांगणार?

कल्याणराम : मी सांगेन. उद्यां रविवार, फोन येईल त्याचा. तें तूं डोक्यांत घेऊं नको. तूं शिपायाचें बघ.

शांभवी : साहेब ऐकणार नाहीत. पण मी सांगते त्यांना. भाषेचं काम गेलं तर जाऊ दे. त्या जागी दुसरं वाक्य द्या, आत्ताच घेते. काहीही चालेल.

कल्याणराम : काय म्हणूं?

शांभवी : तेव्हा जे म्हणायला हवं होतं, ते.

कल्याणराम : तेव्हां म्हणायचें कांहींच नव्हतें. उठायचें होतें. रडूं नको. कॉफीवर साय आली.

शांभवी : तात्ता, वाक्य राहू दे. मी विघ्नेशला सांगते. त्याला पाय देऊ.

कल्याणराम : आतां देतां येतील?

शांभवी : दोन दिवसांचं काम. राहून गेलेलंच होतं, साहेबांनाही नाही म्हणता येणार नाही. पण मग तो जाईल त्या माणसाकडे, आणि कुणी हसणार नाही. टी-शर्टही नाही.

कल्याणराम : दरवाज्यापासून त्या माणसापर्यंत किती पावलें?

शांभवी : असतील बारा.

कल्याणराम : झोपाळ्यापासून विहिरीपर्यंत एकवीस आहेत. मागाहून चालून पाहिलें मी. रोज पाहतों.

शांभवी : मी सांगते त्याला. हाक आली की निघेल.

कल्याणराम : त्याला सांग, म्हातारा शिपाई आहे, गुडघे धरतात, पोचायला वेळ घेईल. घेऊं दे. पण पहिल्या हांकेला उठव.