कानामागचं हाड

(इंदापूर. एसटी स्टँडसमोर मानसिंग मेस्त्रीचं गॅरेज. सकाळ. एका जुन्या गाडीचं बॉनेट उघडं.)

बानूबाई : आवाज न्हाय म्हणं! मानसिंगराव, तुमीच सांगा. आमी वरकुट्यातनं निघालो की तिकडं पणदऱ्यात लेकीला कळतंय, आय-बा निघालं म्हणून.

दादासो : उगं वाढवून सांगू नगं. इंजिन गोड चाललंय. गाडी म्हातारी हाय, आजारी न्हाय.

मानसिंग : मावशी, वरडती कवा? चालू केली की लगीच, का वाटंत बी?

बानूबाई : सकाळी चालू केली की, तारंत अडकल्या कोकरागत. मग जरा गप. लाईट लावली, पंखा लावला, की पुन्यांदा.

मानसिंग : मग बेल्टाकडंच काम दिसतंय. तात्या, मारा स्टार्टर. हां! ऐकलं?

दादासो : काय?

मानसिंग : काय म्हंजी? कानठळ्या बसाय लागल्या की. द्या रेस. बघा, रेस दिली की वाढतोय.

दादासो : मला घरघर तेवढी ऐकाय येती. ती तर घेतल्यापासनं हाय.

बानूबाई : हे असं. मी सांगितल्यालं ह्यास्नी कवा पटलंय?

मानसिंग : थांबा, भांडू नगा. आधी बेल्टावर पाण्याचा शिपका मारतो. आवाज गप झाला तर बेल्ट घासून गुळगुळीत झालाय. वाढला तर ढिला हाय. हं... ना कमी, ना जास्त. करा बंद, तात्या. तात्या! बंद, बंद!

दादासो : केली की. वरडतोस कशाला?

मानसिंग : बेल्ट बिचारा उगंच बदनाम झालाय. बेल्ट ज्याला फिरवतोय, त्यातलं कायतरी धरतंय. लाईट लावल्यावर वाढतंय म्हंजी माझा वहीम वीज करणाऱ्या डायनामोवर हाय. पर वहिमावर काम करायचं न्हाय. हा लांब पेचकस घ्या तात्या, तुमीच बघा. मी चालू करतो. टोक डायनामोवर टेकवा, अन् मूठ कानामागच्या हाडावर. पंख्यापासनं हात लांब. मावशी, पदर सांभाळा.

दादासो : आयला! आरं, हे काय किंचाळतंय?

मानसिंग : तेच! खडे भरडल्यागत येतंय का?

दादासो : खडं कसलं, जीव चाललाय त्येचा. कवापासनं हाय हे?

बानूबाई : दिवाळीपासनं.

मानसिंग : ‘दिवाळीपासनं’ म्हणत्यात, तात्या.

दादासो : अन् मला कुणी सांगितलं न्हाय?

मानसिंग : जरा पेचकस काढा कानापासनं. आता?

दादासो : आता न्हाय. गेलं. नुसती घरघर.

मानसिंग : गेलं न्हाय तात्या, चालूच हाय. डायनामोचं बेअरिंग खराब झालंय. बरं, बंद करतो. मावशी, तुमी जरा तात्यांच्या मागं उभं ऱ्हावा. घरात बोलता तसंच, हळू, कायतरी ईचारा ह्यास्नी.

बानूबाई : काय ईचारू?

मानसिंग : मनात असंल ते.

बानूबाई : मेंढरं इकाय लावली म्हणून माझ्यावर राग हाय का ओ?

दादासो : मानसिंग, बेअरिंग हितं मिळंल, का बारामतीवरनं आणाय लागंल?

बानूबाई : मानसिंगराव, हेच ईचारलं व्हतं मी. दिवाळीत कळप गेला त्या सांजंला. हे पाठमोरं बसून भाकरी खात व्हतं. घास खाली ठेवला न्हाय, का मागं वळून बघितलं न्हाय. म्हणलं, मिळालं उत्तर. तवापासनं मी बी कामापुरतंच बोलती.

मानसिंग : तात्या, हिकडं बघा. माझ्या तोंडाकडं. तुमास्नी ऐकाय कमी येतंय.

दादासो : माझं कान? आरं, माळावर कुठली शेळी खोकली ते सांगायचो मी.

मानसिंग : मावशी आत्ता तुमच्या मागं उभं ऱ्हाऊन बोलत व्हत्या.

दादासो : ही? कवा?

बानूबाई : आत्ता. अन् त्या आधी बी.

दादासो : घर गप झालंय, ते मला कळत व्हतं. म्हणलं, जलम सगळा मेंढरांच्या गलबल्यात गेला. ती गेल्यावर घर गप व्हणारच. अन् तू बी गप झालीस, तवा वाटलं, हिला बी त्येंचंच लागलंय. उगं खपली कशाला काढा.

बानूबाई : मी अगदीच गप न्हवती ओ.

मानसिंग : मी काय डॉक्टर न्हाय. पर माझ्या सासऱ्याला बी हाडातनं ऐकाय यायचं, बाहीरनं न्हाय. कानात मळाचा दगड झाला व्हता, तेवढा काढला. तुमचं तेच असंल असं न्हाय, पर आजच बारामतीला कानाच्या डॉक्टरला दाखवा. गाडी ऱ्हाऊ द्या हितं. मागनं हॉर्न वाजलेला कळत नसंल तर चालवू बी नगा.

दादासो : बानू, मघा काय ईचारलंस?

बानूबाई : जाऊ द्या आता.

दादासो : ये अशी. ह्या कानाशी. मोठ्यानं.

बानूबाई : मेंढरं इकाय लावली म्हणून राग हाय का माझ्यावर?

दादासो : राग? अगं, माझं गुडघं उठत न्हवतं. माळावर बसलो की वाटायचं, आता हितनं कोण उठवणार. पर ‘इका’ म्हणाय माझी जीभ वळली नसती. तू म्हणलीस, म्हणून सुटलो मी.

बानूबाई : मग तवाच सांगायचं!

दादासो : तवा ऐकलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?

मानसिंग : बारामतीची एसटी लागली बघा समोर. व्हा म्होरं, जागा मिळंल.

दादासो : चल. दिवाळीपासनं काय काय बोललीस, ते वाटंत सगळं परत सांग.

बानूबाई : एसटीत? एवढ्या मोठ्यानं? सगळी गाडी ऐकंल की.

दादासो : ऐकू दे. मी बी ऐकीन.