डोळे टेकवले होते, इतकंच

...आणि वेळ कुठली दिली, तर दुपारी दोनची! म्हणजे सकाळपासून तुम्हाआम्हाला या सभागृहात कोंबलं, दरवर्षीचं प्रशिक्षण म्हणून सह्या घेतल्या, मग हाडांचं गरम सूप आणि वाडगाभर भात पोटात ढकलला, पडदे ओढले, दिवे मंद केले, आणि आता मॅडम मला म्हणतात, चोन साहेब, झोप आणि सुरक्षित गाडी चालवणं या विषयावर चार शब्द बोला. अहो मॅडम, या वेळेला मी बोलत नसतो, मी झोपतो! ते बघा, तिसऱ्या रांगेतले निळ्या जाकिटातले भाऊ... गेले. आता हलवलंत ना त्यांना, तर काय म्हणतील? झोपलो नव्हतो, डोळे टेकवले होते, इतकंच. तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं ट्रक चालवतोय, पण झोपलेला ड्रायव्हर मला आजवर भेटलेला नाही. सगळ्यांनी नुसते डोळे टेकवलेले असतात.

मीही तसलाच. चोन मान-बोक, दक्षिणेकडच्या वान्दो बेटावरचा. जिवंत मासे नेतो मी, वान्दोहून इंचॉनला, पश्चिम किनाऱ्याच्या महामार्गाने. सकाळी भरायचे आणि संध्याकाळी लोक जेवायला बसायच्या आत पोचवायचे. आता हे मासे कसे, तर चपटे, दोन्ही डोळे एकाच बाजूला, आणि पापणी नाही! म्हणजे टेकवायची सोयच नाही बिचाऱ्यांना. पण झोप कुणाची बघावी तर त्यांची. पाणी थंड ठेवायचं असतं, कारण थंड पाण्यात मासा गुंगतो, गुंगला की धडपडत नाही, आणि धडपडला नाही की ताजा पोचतो. म्हणजे एकाच गाडीत, मागे चारशे जणांना झोपवायची सगळी व्यवस्था, नळ्यांतून हवा सोडलेली, बुडबुड बुडबुड बुडबुड... आणि पुढे मी एकट्याने टक्क जागं राहायचं! हा काय न्याय झाला?

आणि इंचॉनचे आमचे व्यापारी, कु साहेब, ते दर तासाला फोन करतात. मासे दमले नाहीत ना? पाणी किती अंशावर आहे? वळणं सावकाश घ्या हं, त्यांना ताण येतो. एकदा मला म्हणाले, चोन, तुमचा आवाज असा का येतोय, बरं नाही का? मला भरून आलं हो! एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. म्हटलं, जरा सर्दी झालीये साहेब. तर म्हणाले, टाक्यांकडे तोंड करून शिंकू नका.

तर त्या दिवसाचं सांगतो. एप्रिल महिना, काचेतून ऊन मांडीवर आलेलं, कोवळं, ऊबदार. आदल्या दिवशी मेव्हण्याची साठी झाली होती. गाणी म्हणता म्हणता घरी यायला उशीर, त्यामुळे झोप जेमतेम साडेतीन तास. आमची ही, म्हणजे यॉन-हीची आई, सकाळी म्हणाली होती, आज दुसऱ्या कुणाला पाठवा. मी म्हटलं, साडेतीन तास पुष्कळ झाले, मला सवय आहे. सवय! झोप न घ्यायची कुणाला सवय होते का हो? आपल्याला फक्त खोटं बोलायची सवय होते.

दोन तास चालवलं की पंधरा मिनिटं थांबायचं, हा नियम तुम्हालाही पाठ आहे, मलाही पाठ आहे. मी काय केलं? वाळवलेला माकूळ चघळला. जबडा दुखेस्तोवर चघळला, पण डोळ्यांचा आणि जबड्याचा काय संबंध? मग हिरवी मिरची चावली. पाच मिनिटं नाकातून धूर, सहाव्या मिनिटाला पुन्हा पापणी जड. काच उघडली, गाल चापटले, मोठ्याने गाणं म्हटलं, दुसऱ्या कडव्यात शब्द विसरलो. कॉफी घेतली, पण कॉफीला अंगात भिनायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि झोपेला दोन सेकंद पुरतात. सोचॉन मागे पडलं तेव्हा पाटी दिसली. डुलकी-थांबा, दोन किलोमीटर. म्हटलं, नाही, एवढा पूल पार करू, मग बघू. तेवढ्यात वाटलं, मान-बोक, हट्ट सोड. आणि मंडळी, मी सोडला! सिग्नल दिला, गाडी डावीकडून उजवीकडे हलक्या हाताने घेतली आणि आत वळवली.

काय थांबा होता तो! मोठं चेरीचं झाड, पाकळ्या अशा सावकाश खाली येतायत, जणू त्यांनाही कुणी वळणं जपून घ्यायला सांगितलंय. दुसरं चिटपाखरू नाही. गाडी सावलीत लावली. हातब्रेक ओढला. टोपी खुंटीला अडकवली, मोजे काढून घड्या करून ठेवले. घड्या! मी! सीट मागे पाडली. मागे बुडबुड बुडबुड चाललंय, आणि हळूहळू ते पाणी टाकीतलं राहिलंच नाही, ते वान्दोचं झालं. मी लहान असताना आईच्या होडीत तळाशी आडवा पडायचो, आई समुद्रगवताचे दोर ओढायची, आणि होडी अशी... डुल... डुल... वर ढग एकाच जागी. एक चपटा मासा होडीच्या काठावर येऊन बसला, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे एका बाजूने बघत म्हणाला, सावकाश, घाई नाही. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आयुष्यात एकदा तरी शहाण्यासारखा वागलो, वेळेवर थांबलो. तेवढ्यात फोन वाजला, हिचा. आणि ही म्हणते, इतक्या मऊ आवाजात म्हणते, "दमलात हो तुम्ही. झोपा थोडं. मी आहे ना."

इथेच, मंडळी, इथेच मला कळायला हवं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ती एकदाही बोललेली नाही!

ठर्रर्रर्रर्र... रस्त्याच्या कडेला खाचा मारलेल्या असतात ना, त्यावर चाक चढलं. डोळे उघडले. टोपी डोक्यावर. मोजे पायात. काटा नव्वदवर. मी थांबलोच नव्हतो. थांबलोय असं स्वप्न बघत गाडी चालवत होतो!

आणि समोर बस. सहलीची बस, वेग कमी करत चाललेली, मागच्या काचेत आज्याच आज्या, फुलाफुलांचे सदरे, डोक्याला उन्हाच्या गुलाबी टोप्या, मधल्या वाटेत नाचतायत. ब्रेकवर उभा राहिलो मी. अक्षरशः उभा. टाक्यांतलं पाणी धाडकन पुढे आलं, सगळी गाडी हलली, आणि थांबली तेव्हा बस एवढ्या अंतरावर होती की एका आजीच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं आहे हे मला दिसत होतं. तिने मला बघितलं, हसली, आणि संत्र्याचा हात हलवून टाटा केला. माझी आई गेली तेव्हा त्याच वयाची होती. मीही हात हलवला, दुसरं काय करणार? तिला आजही ठाऊक नसेल. घरी गेली असेल, सुनेला म्हणाली असेल, एक ट्रकवाला फार प्रेमळ होता.

नंतर गाडीतल्या कॅमेऱ्यात बघितलं. चार सेकंद. चेरीचं झाड, मोज्यांच्या घड्या, आईची होडी, सगळं चार सेकंदांत आणि शंभर मीटरांत. कु साहेबांनाही ते दाखवलं. दोनदा बघितलं त्यांनी, आणि विचारलं, एवढा जोरात ब्रेक मारल्यावर मासे घाबरले असतील ना? मी तोवर स्वतःला सांगत होतो, झोपलो नव्हतो, डोळे टेकवले होते, इतकंच. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. घाबरलो मंडळी. साधं सरळ सांगतो, फार घाबरलो.

मग खरा थांबा आला. तिथे चेरी नाही, सावली नाही, एक संडास आणि एक मोडकं बाकडं. गाडी लावली, हातब्रेक ओढला, आणि लगेच पुन्हा ओढून बघितला, कारण मघाशीही मी गाडी लावली होती, हातब्रेक ओढला होता! आता हे खरं कशावरून? गालाला चिमटा काढला. पण स्वप्नात काढला असता तरी दुखलाच असता ना? शेवटी हिला फोन लावला. म्हटलं, थांबलोय. तर ती सुटलीच की. "आत्ता थांबलात? आत्ता? सकाळी घसा फोडून सांगत होते तेव्हा कान कुठे गहाण होते? आणि किमचीचा डबा उघडा टाकून गेलात, सगळा फ्रीज घाण मारतोय. माणूस आहात की दगड?"

अहाहा! तुम्हाला सांगतो, इतकं गोड गाणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. जागा आहे मी! गाडी उभी आहे! तिचं बोलणं संपायच्या आत झोपलो. वीस मिनिटं, गाढ.

तेव्हापासून हीच पद्धत. रात्री सात तास झोप, ती तर ही मोजूनच घेते. दर दोन तासांनी थांबायचं, फोन करायचा, दोन मिनिटं बोलणी खायची, मग वीस मिनिटं झोपायचं. सगळं सुरळीत चाललं होतं हो. पण मागच्या महिन्यात माझ्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, आणि आमची यॉन-ही, लेक माझी, शिकलेली, ती आईला म्हणाली, आई, बाबांवर ओरडत जाऊ नकोस, त्यांना त्रास होतो. दुसऱ्या दिवशी मी तांगजिनच्या पुढे थांबलो, गाडी लावली, हातब्रेक ओढला, फोन केला. आणि पलीकडून, मऊ आवाजात, "दमलात हो तुम्ही. झोपा थोडं."

मी किंचाळलो! उभ्या गाडीच्या ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो, सुकाणू छातीशी धरलं, देव आठवले, आज्या आठवल्या, दार उघडून मोज्यांवरच खाली उडी टाकली. बाकड्यावर एक ट्रकवाला भाताची गुंडाळी खात बसला होता, त्याचा दंड धरून म्हटलं, भाऊ, खरं सांगा, हे हलतंय का? त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घास गिळला आणि म्हणाला, "गाडी उभी आहे. हलताय तुम्ही."

तिकडे फोनवर ही रडवेली. म्हणे, चार शब्द गोड बोलायला गेले तर माणूस किंचाळतो, मग बोलायचं तरी काय? तेव्हा तिला ते स्वप्न पहिल्यांदा सगळं सांगितलं. आज्यांचंसुद्धा. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "डबा धुवायला टाकलात का?" आणि सुरू झाली... हल्ली तर विषय पुरत नाहीत तिला, मी सुधारलोय ना, म्हणून जुने काढते. एकदा अठरा वर्षांपूर्वीच्या चुसोकच्या सणाला माझी बहीण काय बोलली, त्यावर वीस मिनिटं पुरवली.

तेव्हा मंडळी, मला सल्ला विचाराल तर झोप आली की थांबा, एवढाच. त्या निळ्या जाकिटातल्या भाऊंना उठवू नका, ते उभ्या इमारतीत आहेत. माझीही वेळ झाली. इथून चार वाजता निघायचंय, तोवर गाडीत जाऊन जरा डोळे टेकवतो... नाही, झोपतो. सरळ म्हणतो, झोपतो. फक्त आधी घरी फोन करायला हवा. सव्वीस वर्षं मी हात जोडून मागत होतो, हिचं तोंड एकदा बंद होऊ दे म्हणून. आता रोज तीन वेळा मीच फोन करून म्हणतो, अगं यॉन-हीची आई, कर सुरू, मला झोप आलीय.