मशीनने न मोजलेली जागा

आम्ही मूळचे जयसिंगपूरचे, वडिलांचं भंगाराचं दुकान, आणि मी आधी भाव करायला शिकलो, फिजिक्स नंतर. गिऱ्हाईक जुनी मोटर घेऊन यायचं, म्हणायचं आत तांबं आहे, वडील म्हणायचे उघडून दाखव, आणि तो कां-कू करायला लागला की भाव तिथेच खाली. पुण्यात शिकवण्या घेऊन एम.एस्सी. केलं, स्कॉलरशिपवर मेलबर्नला आलो, तर पीएच.डी.चा विषयही बघा तसलाच निघाला. एखाद्या वस्तूवर लहरी सोडायच्या, त्या विखरून परत येतात, आणि त्यांच्यावरून वस्तू न उघडता आत काय आहे ते गणिताने काढायचं. सगळं कागदावरचं काम. आई फोनवर विचारायची, अरे पण ह्याचा उपयोग काय, आणि मी तिच्यावर चिडायचो.

उपयोग पोटाने शिकवला. थिअरीत कायमची नोकरी मिळेना, एक कॉन्ट्रॅक्ट संपलं की दुसरं शोधा, त्यात मेलबर्नच्या कडेला क्रेगीबर्नला घर घेतलेलं, मुलगी लहान. तेवढ्यात मेडिकल इमेजिंगवाल्या एका ग्रुपने बोलावलं. त्यांची अडचण अशी, की एमआरआयमध्ये पेशंटला फार वेळ न हलता पडावं लागतं, तर मशीनने थोडंच मोजावं आणि उरलेलं गणिताने भरून काढावं. ते गणित माझं. चित्र असं सुरेख यायचं की काय सांगू तुम्हाला, डॉक्टर खूश, पेशंट खूश. पण भरलेलं ते भरलेलंच, मोजलेलं नव्हे. निरोगी डोकी कशी दिसतात त्या अंदाजाने गणित जागा भरतं, मग बारीकसं काही वेगळं असलं तर ते धूळ समजून पुसूनही टाकेल. म्हणून मी प्रत्येक चित्राशेजारी दुसरं एक ठेवलं होतं, जिथे नुसता अंदाज आहे तिथे लाल रंग.

आमचा बॉस, नाव नका लिहू त्याचं, तो इथल्या दोस्तीच्या भाषेत म्हणाला, मेट, हे लाल बघून डॉक्टर बिचकतात, मशीन विकणार कसं. मी टेबलावर हात आपटला. मग भाव केला, म्हटलं पेटंटवरून माझं नाव काढ, पण लाल चित्र राहू दे. तो म्हणाला, नो वरीज. नाव लगेच निघालं आणि पुढच्या व्हर्जनमध्ये लाल चित्रही निघालं. दोन्हीकडून लुबाडलं मला. ते आजही गळ्याखाली उतरत नाही, जेवताना आठवलं तर मी ताट सरकवतो, वैशालीला विचारा.

वैशाली म्हणजे माझी बायको. तिला ह्या वर्षी एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, चालताना तोल जायला लागला, म्हणून एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल. मुलगी म्हणाली, सी बाबा, ऑल गुड. मी वैशालीला विचारलं, वेळ किती लागला गं? ती म्हणाली, अहो, इतकं पटकन झालं, मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. पटकन म्हणजे आमचंच मशीन, थोडं मोजून उरलेलं भरणारं, आणि शेजारचं लाल चित्र काढून टाकलेलं. कानाच्या नसेवरची गाठ सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढीही नसते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन हॉस्पिटलात. तिथली डॉक्टर बाई भली होती, म्हणाली, ह्या स्कॅनवर आमचा भरवसा आहे, आणि पूर्ण मोजायचं तर खूप वेळ जातो, रांगेत पेशंट आहेत. मी म्हटलं, कुणी रद्द केलं तर द्या, आम्ही इथेच बसतो, आज बसतो, उद्या बसतो, आणि माझा आवाज चढला तसा वैशालीने शर्ट ओढला, अहो, ही मंडई नाही. पण बाईंनी पूर्ण स्कॅनसाठी वेळ काढून दिली.

परत येताना गाडीत ती म्हणाली, खरं सांगा, तुम्हाला गाठ सापडायला हवी आहे ना? म्हणजे त्या तुमच्या बॉसपुढे छाती काढून उभं राहता येईल. मी असा संतापलो, म्हटलं काय बोलतेस तू हे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, चिडू नका, गाडी नीट चालवा.

काल स्कॅन झाला. बाहेर बसून मशीनची धडधड ऐकत होतो, संपतच नव्हती. टेक्निशियन ओळखीचा झालेला, म्हणाला, प्रोफेसर, बघायचंय का, स्क्रीनवरच आहे. एवढं आयुष्य ती चित्रं बघण्यात गेलं आणि मी मान फिरवली, म्हटलं, डॉक्टरना बघू दे.

रिपोर्ट आज यायचाय, फोन वाजला तर मी मध्येच उठेन, राग मानू नका. ती आत पोहे करतेय, चटणीसाठी मिक्सर लावलाय तर तोही तिला एकाच कानाने ऐकू येतोय. मी सकाळपासून एकच म्हणतोय, देवा, त्या चोराचं खरं ठरू दे आणि माझं खोटं, त्याला पेटंट लखलाभ, नाव लखलाभ, मी पुन्हा अक्षर काढणार नाही. ह्याहून जास्त माझ्याकडे द्यायला काही नाही. आणि भाव करतोय खरा, पण तिच्या डोक्यातली ती जागा तर कालच मोजून झाली आहे.