सांजाईचा फोटो

मंडळी, ऐका. ऐका म्हणतोय, आणि तिसऱ्या रांगेतला तो पांढऱ्या सदऱ्याचा गृहस्थ मोबाईल उंच धरून माझं चित्रण करतोय! अहो, मी इथं जिवंत उभा आहे, घाम गाळतोय, आणि तुम्ही मला चार बोटांच्या काचेत बघताय? असू द्या, धरा तसाच. आज तुमच्याच कामाचं आख्यान लावलंय.

प्रश्न साधा आहे. माणूस बघतो कशानं? डोळ्यानं, म्हणाल. बरं! मग ज्याचा डोळा चांगला, त्याला घरातलं का दिसत नाही? आणि भारी साधन हाती आलं म्हणजे चांगलं दिसायला लागतं का? नवा पखवाज आणला म्हणजे हात बसतो का? आमचे सोपानबुवा हसतायत बघा. त्यांना माहीत आहे! बुवा, एक थाप द्या, आणि चला सगळे वाघदऱ्याला.

वाघदरे गाव डोंगराच्या कुशीत. वर कड्याखाली सांजाईचं देऊळ. देवी कशी? अंगभर शेंदूर, चांदीचे मोठे डोळे, अशी रोखून बघते की खोटं बोलणाऱ्याची बोबडी वळावी! पण हे तिचं वरचं रूप. शेंदरावर शेंदूर, तेलावर तेल, वर्षानुवर्षं चढत जातं. थर इतका जाड होतो, इतका जाड होतो, की एक दिवस आपल्याच भारानं सुटून पडतो. गाव म्हणतं, देवीनं कवच सोडलं. मग गुरव मूर्ती धुतो आणि एक दिवस, फक्त एक दिवस, मूळ रूप उघडं ठेवतो. दिवेलागण झाली की नवा शेंदूर. संपलं! पुन्हा कधी? कुणी सांगावं! एखाद्याला जन्मात एकदा दिसतं, एखाद्याला दिसतच नाही.

द्वारकाबाईला दिसलं नव्हतं. मागच्या खेपेला देवीनं कवच सोडलं तेव्हा ती बाळंतीण होती. घरात सोयर! ओल्या बाळंतिणीनं देवळाची पायरी चढायची नाही. सगळं गाव वर गेलं, आणि ही अंधाऱ्या खोलीत बाजेवर, कुशीत लाल गोळा. तो गोळा म्हणजे आपला भालचंद्र, आजचा भालू फोटोवाला. म्हणजे बघा, हा आला म्हणून आईचं दर्शन हुकलं. कुणी तसं म्हणालं की ती हसून सांगायची, "देवी नाही दिसली, पण हा दिसला ना मला." भालूच्या मनात मात्र ते कुसळासारखं सलायचं.

भालूचा धंदा लग्नाचा, बारशाचा, साखरपुड्याचा. तालुक्यात छोटा स्टुडिओ, त्याच्याच मागं मायलेकरांचं बिऱ्हाड, आणि गळ्यात एक जुना कॅमेरा. कडेची रंगपट्टी उडालेली, बटणं गुळगुळीत झालेली. पण नवरीच्या डोळ्यात पाणी आलं की हा टिपणार म्हणजे टिपणार!

यंदा चैत्रात सांजाईनं पुन्हा कवच सोडलं. गावात दवंडी फिरली, मंगळवारी मूळ रूप. आणि द्वारकाबाई? खाटेवर. पौषात उंबऱ्याला अडखळून पडली होती, खुबा मोडलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, हलवायचं नाही. तिनं भालूला जवळ बोलावलं, त्याचा हात चाचपून हातात घेतला आणि म्हणाली, "मला काही वर नेता यायचं नाही. पण तू जा बाबा. माझ्या वाटचं नीट बघून ये."

काय म्हणाली? नीट बघून ये. भालूनं काय ऐकलं? नीट फोटो काढून आण! त्यानं मनाशी पण केला, आईच्या उशाशी देवीचा असा फोटो लावीन की गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटावं तिला.

आणि तिथून त्याची झोप उडाली. मंडळी, गाभारा म्हणजे मिट्ट काळोख. तिथं फ्लॅश चालत नाही, विजेचा दिवा चालत नाही, दोन समया तेवढ्या. पंचांनी ठरवलेलं, गावातर्फे एकट्या भालूनं आत जायचं, ओल्या सोवळ्यानं. पहाटेची आरती सुरू असेतोवर काय काढायचे ते फोटो काढायचे. आरती संपली, रांग सुटली, की कॅमेरा बंद. जुन्या कॅमेऱ्याला एवढ्या अंधारात जमेल? फोटो हलला तर? उजेड कमी पडून फोटोभर नुसते ठिपक्यांचे दाणेच दाणे आले तर?

मग काय, सल्ल्याला लोक कमी आहेत का आपल्याकडे! मुलगी बघायला निघालात तर गाव सल्ला देईल, तसंच कॅमेऱ्याचं. शहरातला दुकानदार म्हणाला, सेन्सर मोठा घ्या. लग्नाचं शूटिंग करणारा मित्र म्हणाला, कॅमेरा कुठलाही चालेल, लेन्स उघडी घ्या, जास्त उजेड पिणारी. शेजारच्या सलूनवाल्यानं तर स्वतःचा मोबाईल काढून दाखवला, यात मेगापिक्सेल किती माहीत आहे का! अहो, पातेलं मोठं घेतलं म्हणून खीर गोड होते का? पण भालूला ते सुचेना. जेवताना ताटाशेजारी मोबाईल, त्यात कॅमेऱ्यांची परीक्षणं. एका खाटेवर आई, समोर हा. एकदा आईचा हात चहाच्या कपावर न पडता बाजूला पडला, कप लवंडला. ह्यानं मान वर न करता फडकं पुढं सरकवलं. व्हिडिओ चालू होता ना!

भालूचे जुने उस्ताद हुसेनचाचा, ज्यांच्या डार्करूममध्ये तो शिकला, त्यांनाही त्यानं विचारलं. चाचांनी एवढंच सांगितलं, "अंधारात बोटाला बटण सापडतं तो कॅमेरा आपला. नवी चप्पल घालून लांबच्या वरातीला जाऊ नये." भालूला वाटलं, म्हातारं झालंय माणूस. त्यानं शहरातून भाड्यानं आणला एक भलामोठा, काळाकुळकुळीत कॅमेरा. आणि जुना? राहिला घरी खुंटीवर.

मंगळवार उजाडायच्या आधीच भालू निघाला. एरवी स्कूटरवर फिरणारा माणूस, आज मित्राची गाडी मागून आणलेली. का? तर भाड्याच्या कॅमेऱ्याला धूळ लागेल, चैत्राचा उकाडा लागेल! गाडीचा एसी पूर्ण सोडला आणि कॅमेरा मांडीवर, थंड वाऱ्याच्या तोंडाशी, तान्ह्या लेकरासारखा. वाटेत तीनतीनदा गाडी थांबवून बघतोय, बॅटरी आहे का, कार्ड आहे का. सगळं आहे. तरी पुन्हा बघतोय. माझ्या हातून हुकलं तर आईला पुन्हा कधी?

पायथ्याला गाडी लावली, कॅमेरा गारच्या गार पिशवीत घट्ट बांधला, पायऱ्या चढला. देवळाशेजारच्या पाण्याच्या टाक्यावर अंघोळ, ओलं सोवळं. बाळोबा गुरवानं दार लोटलं आणि भालू आत शिरला.

गाभारा कसा होता म्हणता? समया, धूप, कापूर, ओल्या दगडाची वाफ. श्वास कोंडावा असा दमट उकाडा. बाहेर झांज वाजली, आरती सुरू झाली. भालूनं कॅमेरा पिशवीतून काढून डोळ्याला लावला. आणि?

काही नाही! पांढरं धुकं. नुसतं धुकं!

त्याला वाटलं धूप आला आड. दाबलं बटण. धुकं. काच बघतो तर दव साचलेलं. मंडळी, फ्रिजमधला तांब्या बाहेर काढला की कसा घामेजतो? तसा कॅमेरा घामेजला होता! गारठलेली काच आणि हा उबारा. सोवळ्याच्या टोकानं पुसलं, ते टोकच ओलं. अंगठ्यानं पुसलं, काचेवर तेलकट फराटा. पुन्हा धुकं. तिकडं आरतीचं पहिलं कडवं संपलं, दुसरं लागलं. उजेड वाढवायचं बटण शोधतोय, बोटाला सापडेना, भलतंच काहीतरी दाबलं गेलं. घाम डोळ्यात उतरतोय. मनात एकच, आई, आई, आई.

"गुरवबाबा, थोडं थांबवा," तो म्हणाला. बाळोबानं मान हलवली. आरती कुणाच्या हातची असते? शेवटचं कडवं आलं.

आता काय करणार? डोळ्यापुढचा कॅमेरा खाली आला. आपोआप आला. आणि मंडळी, गाभाऱ्यात शिरल्यापासून पहिल्यांदा भालूनं समोर बघितलं.

चांदीचे डोळे नव्हते. शेंदूर नव्हता. काळ्या दगडातलं एवढंसं, ओंजळीत मावेल असं तोंड. नाकाचा शेंडा झिजलेला. ओठ एका बाजूला किंचित उचललेला. आणि डोळे? मिटलेले! पिढ्यान्पिढ्या जिच्या नजरेला गाव भ्यालं, ती आत डोळे मिटून बसलेली. लेकराला थोपटता थोपटता आईलाच पेंग यावी, तशी. भालू बघत राहिला. आरती संपली, रांग सुटली, तेव्हा त्याला बाळोबानं दंडाला धरून बाहेर आणलं.

पंच रागावले, नाही कशाला म्हणू? गावाला फोटो नाही मिळाला. पण भालूचे पाय जड झाले होते ते घरी जायला. आईला काय तोंड दाखवू? एकदा जन्मलो म्हणून हुकलं, आता जिवंत असून हुकवलं. उंबऱ्याशी तो कितीतरी वेळ उभा होता. आतूनच आवाज आला, "भालू, पाय वाजले तुझे. ये की आत."

तो खाटेशी खाली बसला. "आई, फोटो नाही आला गं. एकही नाही." आणि हा बाप्या माणूस रडायला लागला.

ती म्हणाली, "नसू दे फोटो. तू बघितलंस ना? मग सांग."

मग त्यानं सांगितलं. एवढंसं तोंड सांगितलं, झिजलेलं नाक सांगितलं, उचललेला ओठ सांगितला. ती ऐकताना हात जोडून होती. शेवटी तो म्हणाला, "आणि आई, डोळे मिटलेत तिचे."

द्वारकाबाई हसली. "मिटलेत? म्हणजे माझ्यासारखीच की."

"म्हणजे?"

"अरे, मला कुठं दिसतंय आता. दिवाळीपासून सगळं धुरकट धुरकट. तू इतक्या घाईत असायचास, म्हटलं कशाला सांगायचं."

मंडळी! भालूला एकेक आठवायला लागलं. तो उंबरा आठवला. पाय नुसता अडखळला नव्हता, उंबराच दिसला नव्हता तिला! तो चहाचा कप आठवला. हात चाचपून धरणं आठवलं. धुकं फक्त काचेवर होतं का? आईच्या डोळ्यात ते कधीपासून साचलेलं, आणि साऱ्या तालुक्याच्या नवरीमुलींचे डोळे टिपणाऱ्या ह्या पोरानं आईच्या डोळ्यात एकदा बघितलं नाही. देवीचा फोटो नीट आला असता तर काय झालं असतं? आंधळीच्या उशाशी फ्रेम लावून हा खुशाल कामाला गेला असता!

डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यानं घरी आणलं. मोतिबिंदू, पार पिकलेला. खुबा सांधल्यावर ऑपरेशन झालं. एक डोळा हाती लागला, एक नाही. पट्टी सोडली तेव्हा भालू समोर बसला होता. गळ्यात कॅमेरा नाही, हातात काही नाही. आईनं त्याच्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं. त्याच्या कानशिलावरून हात फिरवला.

"किती पिकलास रे," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "देवी नाही दिसली. पण तू दिसलास."

सोपानबुवा, थांबा. आत्ता थाप नको.

कॅमेरा घ्यायचाय ना तुम्हाला? घ्या की, मी कोण नको म्हणणारा! हाताला बसेल तो घ्या, नव्याची दोन दिवस सवय करा, एसीतून काढलात तर सैल पिशवीतच जरा त्याचा गारठा जाऊ द्या, बाहेरचं वारं लागू द्या, मग उघडा. हे झालं कॅमेऱ्याचं. आता तुमचं. तुमच्या आईचा हात कपावर नीट पडतो का? बापाला पायरी दिसते का? बायको हल्ली दिव्याखालीच का सुई ओवते? ठाऊक आहे कुणाला? तुमच्या मोबाईलमध्ये हजार फोटो आहेत, त्यात त्यांच्या डोळ्यात बघितलेला एक दाखवा मला.

तिसऱ्या रांगेतले पांढऱ्या सदऱ्याचे गृहस्थ, हात खाली आला ना तुमचा? छान. शेजारी म्हातारी बसलीय ती आई का तुमची? मग आता माझ्याकडं बघू नका. तिच्याकडं बघा. आणि घरी निघालात की तिचा हात धरून उतरवा, मंडपाची पायरी उंच आहे.