गार कोण?

विमानतळाच्या बाहेर येण्याच्या दारापाशी दिल्लीच्या आर. के. पुरमचं एक मराठी जोडपं माझ्या शेजारी उभं होतं. त्यांची मुलगी शलाका जॉर्जियात बस उलटून झालेल्या अपघातात गेली होती. शेवटी तिच्याजवळ असलेली परकी सहप्रवासी हेलेना आज त्यांना भेटायला येत होती.

“अहो, हेलेना फोनवर परत विचारत होती, गार कोण?”

“शलाका तेवढंच म्हणत होती ना. हेलेनाला वाटलं, कुणाचं तरी नाव आहे.”

“घरात तर कायम ठंड म्हणायची.”

“लहानपणी गार म्हणायची.”

“हेलेनानं मग काय केलं? मला पूर्ण सांगितलंच नाहीत तुम्ही.”

“गार, गार अशा हाका मारत बर्फात शोधत फिरली. परत आली तोवर आपली पोर गेली होती.”

“हेलेनाच्या अंगावर कोट होता?”

“होता.”

“मग सांगणार मी तिला, गार म्हणजे काय ते.”

“नको, अलका. बिल्कुल नको.”

“का नको? आपण रोज जळतोय ना?”



दार उघडलं. एक उंच, थकलेली बाई बाहेर आली आणि अलकाताईंना बिलगली. रडतच तिनं इंग्रजीत पहिलं तेच विचारलं.

“गार तिचा मित्र,” अलकाताई इंग्रजीत म्हणाल्या. “तो वाचला.”